चिपचे पैसे घेतले, लॅपटॉप उघडलाच नव्हता

जुना लॅपटॉप विंडोज ११ करायला दुकानात देणार असाल तर आधी हे वाचा, आमचे ३८०० रुपये गेलेत.

लॅपटॉप २०१५ चा, आय फाइव्ह फिफ्थ जनरेशन, आईच्या शिवणक्लासचा हिशोब आणि बँकेची कामं त्यावरच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून ती घाबरली होती. दुकानदार म्हणाला, "ताई, यात टीपीएम चिप नाही, ती बसवतो, ओरिजिनल लायसन्स टाकतो, टेन्शनच नाही." टीपीएम म्हणजे सुरक्षेची चिप, विंडोज ११ ला ती लागते. चिपचे १५००, लायसन्सचे १८००, वरचे ५०० सर्व्हिसचे.

दोन दिवसांत विंडोज ११ चालू होऊन आला, आम्ही खूश. महिन्याभराने भाऊ घरी आला, त्याने लॅपटॉप उलटा केला तर स्क्रूच्या खाचांमध्ये जुनी धूळ घट्ट बसलेली आणि एका स्क्रूवरचं कंपनीचं गोल स्टिकर जसंच्या तसं! चिप बसवली कुठून? असल्या लॅपटॉपमध्ये ती नंतर बसवायची सोयच नसते हे मला तेव्हा कळलं. रुफस नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवताना टीपीएमचा चेक काढायला एक टिक असते, दुकानदाराने केलं तेवढंच, आणि अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही हे त्याने सांगितलंही नाही.

लायसन्स पण क्रॅक, म्हणजे चोरीचं. भावाने चेक केलं तर अ‍ॅक्टिवेशनला संपायची तारीख दिसत होती, विकत घेतलेल्या लायसन्सला तशी तारीख नसते. आणि मुळात आमचं विंडोज १० ओरिजिनल होतं, तेच लायसन्स ११ ला चालतं, म्हणजे १८०० कशाचे घेतले?

पण मला खरा राग याचा आला की क्रॅक पकडला जाऊ नये म्हणून डिफेंडरमध्ये, म्हणजे विंडोजच्याच अँटीव्हायरसमध्ये, अख्खी सी ड्राइव्ह स्कॅनमधून वगळून ठेवली होती आणि आई महिनाभर त्याच्यावर बँकिंग करत होती!!

दुकानात गेलो तर म्हणे "चालतोय ना लॅपटॉप?" पैसे परत दिले नाहीतच.

फोनवरून सगळे पासवर्ड बदलले, सगळं पुसून विंडोज १० परत टाकलं आणि अपडेटच्या पेजवरून एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट (सपोर्ट संपल्यावरही मिळणारे सुरक्षेचे अपडेट) घेतले, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग बॅकअप चालू केलं तर फुकट आहेत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. हे आधीच केलं असतं तर दुकानात जायचीच गरज नव्हती. लॅपटॉपमध्ये चिप बसवतो असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा, आणि रिपेअरला देणारच असाल तर मागच्या स्क्रूंचा फोटो काढून ठेवा.