‘२०० सीएफएम’चा पंखा आणि ३६ अंशांवर गेलेलं रोपांचं कपाट

घरी बनवलेल्या कपाटात दिव्याखाली लेट्यूस किंवा टोमॅटोची रोपं वाढवणाऱ्यांसाठी हल्ली ‘संपूर्ण व्हेंटिलेशन किट’ विकायला असतं. त्यात पंखा, डक्ट (हवा नेणारी नळी), वास शोषणारा कार्बन फिल्टर, तापमापक आणि अडॅप्टर येतो. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘२०० सीएफएम’, म्हणजे मिनिटाला २०० घनफूट हवा. असं किट बसवलेल्या एका कपाटात, खोली २७ अंशांवर असताना, तासाभरात आतलं तापमान ३६ वर गेलं आणि पानांच्या कडा वळायला लागल्या. तक्रार केल्यावर विक्रेत्याने सांगितलं की दिवा जास्त तापतोय, मोठं किट घ्या. अशा वेळी माणूस हमखास दुसऱ्यांदा फसतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

आधी पंख्याचा स्टिकर वाचा. या किटमधला पंखा १२० मिलिमीटरचा, २५ मिलिमीटर जाडीचा, १२ व्होल्टचा होता. त्याच स्टिकरवर बारीक अक्षरांत ०.१५ अँपिअर लिहिलेलं होतं. म्हणजे वीज पावणेदोन वॅटच्या आसपास. एवढ्या विजेवर हा पंखा मोकळ्या हवेत फार तर ५० ते ७० सीएफएम देतो. याच आकारात दोनशेच्या जवळ जाणारे पंखे ३८ मिलिमीटर जाड असतात, दीड-दोन अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतात आणि त्यांचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येतो. थोडक्यात, खोटेपणा त्या स्टिकरवरच छापलेला असतो. स्टिकरची कड नखाने उचलून बघा. या पंख्यावर खाली दुसरा, मूळ स्टिकर निघाला आणि त्यावर हवेचा आकडाच नव्हता.

आकडा खरा असला तरी तो मोकळ्या हवेतला असतो. पुढे कार्बन फिल्टर आणि डक्टची दोन वळणं आली की साधा पात्यांचा पंखा दमतो. पाती फिरतात, आवाज येतो, पण डक्टच्या तोंडाशी हात धरला तर वारा लागत नाही. जाहिरातीत ‘कमाल हवा’ आणि ‘कमाल दाब’ शेजारी-शेजारी छापतात. हे दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. दाब कमाल असतो तेव्हा हवा शून्य असते. फिल्टर लावायचाच असेल तर दाब पेलणारा इनलाइन (नळीच्या मध्येच बसणारा) डक्ट पंखा घ्या आणि विक्रेत्याकडे दाब-हवेचा आलेख मागा. तो नसेल तर तो पंखा फिल्टरसाठी घेऊ नका.

आता गरज किती? ‘कपाटातली हवा मिनिटाला एकदा बदलली की झालं’ हे विक्रेत्यांचं आवडतं गणित. ६० बाय ६० बाय १५० सेंटिमीटरचं कपाट म्हणजे ५४० लिटर, म्हणून १९-२० सीएफएम पुरे, असं ते सांगतात. पण उष्णता घनफळातून येत नाही, दिव्यातून येते. लागणारे सीएफएम म्हणजे दिव्याचे वॅट गुणिले १.७६, भागिले खोलीपेक्षा किती अंश वाढ चालेल तो आकडा. १०० वॅटचा दिवा आणि ३ अंशांची वाढ धरली तर ५९ सीएफएम लागतात. त्याच दिव्याला १९ सीएफएम दिले तर वाढ ९ अंशांवर जाते. वरच्या कपाटात नेमकं हेच घडलं. आणि एक गोष्ट आधीच मान्य करून ठेवा: नुसती हवा खेळवून कपाट खोलीपेक्षा थंड होत नाही, पंखा कितीही चांगला असो.

दिव्याचे वॅट खोक्यावरून घेऊ नका. ‘१००० वॅट’ लिहिलेले पॅनेल प्लगला वॅटमीटर लावल्यावर शंभर-सव्वाशे ओढताना दिसतात. मीटरवरचाच आकडा गणितात घाला.

पंखा मोजायला कचऱ्याची १०० लिटरची पातळ पिशवी पुरते. कपाटाच्या गणितासाठी फिल्टर आणि डक्ट जोडूनच मोजायचं, नाहीतर त्या मोजणीला अर्थ नाही; तक्रारीसाठी मात्र फिल्टर काढूनही एकदा मोजून ठेवा. पिशवीतली हवा पूर्ण काढून ती डक्टच्या तोंडावर घट्ट धरा आणि फुगायला किती सेकंद लागतात ते बघा. पिशवी ताणेपर्यंत थांबू नका, उलट दाबाने वेळ वाढतो. लिटर भागिले सेकंद, गुणिले २.१२ म्हणजे सीएफएम. तीनदा मोजा. या किटला ११ सेकंद लागले, म्हणजे १९.

मात्र प्रत्येक दोष विक्रेत्याचा नसतो. हवा आत यायची वाट अपुरी असेल तर उत्तम पंखाही गुदमरतो. १० सेंटिमीटरच्या डक्टचं तोंड ७९ चौरस सेंटिमीटर असतं. खालच्या बाजूची भोकं मिळून त्याच्या दीडपट-दुप्पट हवीत. किटसोबत आलेली ५ सेंटिमीटरची जाळी जेमतेम २० चौरस सेंटिमीटरची होती. पंखा चालू असताना दार किंचित आत ओढलं जावं. उघडायला जोर लागत असेल तर भोकं वाढवा. तक्रारीआधी हे तपासा.

‘अचूकता ±०.५ अंश’ लिहिलेला तापमापक उघडला तर आत बहुधा निळा डीएचटी११ सेन्सर निघतो, ज्याची अचूकता ±२ अंश आहे. त्याच तापमापकावरचा आर्द्रतेचा आकडा तपासायला बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करा, तापमापकासोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. २५ अंशांना ७५ टक्के दिसायला हवेत. सेन्सर थेट दिव्याखाली टांगू नका. पानांच्या उंचीवर, कागदाच्या छोट्या छपराखाली ठेवा.

‘मिनी एसी’ तर कपाटात अजिबात नको. पेल्टिअरचा (वीज दिल्यावर एक बाजू थंड आणि दुसरी गरम होणाऱ्या चकतीचा) असेल तर थंड बाजूने ओढलेली उष्णता आणि स्वतः खाल्लेली वीज, दोन्ही गरम बाजूने त्याच कपाटात सोडतो, म्हणून तापमान वाढतंच. पाण्याचा असेल तर एक-दोन अंश उतरतात, पण आर्द्रता ८० टक्क्यांपुढे जाऊन कोवळ्या रोपांवर करडी बुरशी धरते.

चाचणी होईपर्यंत डक्ट कापू नका आणि फिल्टर चिकटवू नका. कापलेला माल परत घ्यायला विक्रेते नकार देतात. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, दोन्ही स्टिकरचे फोटो आणि पिशवी व स्टॉपवॉच एकत्र दिसेल असा न कापलेला व्हिडिओ जपून ठेवा. तक्रारीत ‘वारा कमी येतो’ असं लिहू नका, ‘जाहिरातीत २००, फिल्टरशिवाय इतके आणि फिल्टरसह १९’ असं लिहा. यानंतर बहुतेक वेळा दुसरा पंखा फुकट पाठवतो असं उत्तर येतं. तो येईपर्यंत परतीची मुदत संपलेली असते, म्हणून त्याला हो म्हणू नका, परतीची विनंती त्याच दिवशी नोंदवा.