दमलेल्या 1210 साठी काय करावं: आपलंच इंजिन उघडायचं, दुसरं 697 बसवायचं की कमिन्स घालायचं?

खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिकोडी या पट्ट्यात जुन्या टाटा 1210 ट्रक अजून रोज कामाला निघतात. कौलं, विटा, पेंड, भाजी, मिळेल तो माल. चासी ठणठणीत असते, हौदा दोनदा नवा बांधलेला असतो, पण आतलं टाटाचं 697 इंजिन थकलेलं. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, ब्रीदरमधून धूर येतो, दर खेपेला वरून ऑइल घालावं लागतं. अशा वेळी टपरीवर कुणीतरी हमखास सांगतं, "कमिन्स टाक, मोकळा हो." कमिन्स कंपनीचं इंजिन घालण्याचा तो सल्ला ऐकून पैशांची जुळवाजुळव करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. आमच्या घरच्या 1210 मध्ये आम्ही आधी कमिन्स घातलं आणि पुढे तेच काढून पुन्हा 697 बसवलं. दोन्ही कामं डोळ्यांसमोर झाली आहेत.

इंजिनाआधी एक गोष्ट ठरवा: तुमची गाडी भरून चढते की भरून उतरते?

बेळगावची भाजी घेऊन जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटाने गोव्याला जाणारी गाडी भरलेली असताना उतरते आणि बहुतेक वेळा रिकामी चढते. तिला ताकद कमी पडत नाही. तिचं सगळं ब्रेकवर, पाट्यांवर (चाकांवरच्या स्प्रिंगांवर) आणि ड्रायव्हर कुठल्या गिअरमध्ये घाट उतरतो त्यावर आहे. अशा गाडीत मोठं इंजिन घालणं म्हणजे ज्या पायाला दुखणं नाही त्याला पट्टी बांधणं. याउलट सावंतवाडीकडून चिरा भरून आंबोली चढणाऱ्या गाडीला पहिल्याच वळणावर इंजिनाचा फरक कळतो. निपाणी-संकेश्वरच्या मधला तवंदी घाट त्या मानाने छोटा, पण रोज भरून चढायचा असेल तर तोही हिशेबात धरा.

आता इंजिनं. 697 म्हणजे सहा सिलिंडर आणि 97 मिलिमीटर बोअर (सिलिंडरची आतली रुंदी), नावातच लिहिलंय. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, 128, एकूण 5675 सीसी. मर्सिडीजच्या ओएम 352 इंजिनाचं मापही हेच. टाटा आणि डाइमलर-बेंझ 1954 ते 1969 एकत्र होते, त्या घराण्याची ही खूण. कमिन्सचं 6बीटी सुद्धा सहाच सिलिंडरचं: बोअर 102, स्ट्रोक 120, एकूण 5883 सीसी. 1993 मध्ये टाटा कमिन्स स्थापन झाली आणि पुढे जमशेदपूरला ही इंजिनं बनू लागली. दोन्हीत फरक फक्त 208 सीसीचा, एका सिलिंडरमागे 35 सुद्धा नाही. म्हणजे कमिन्स जे जादा ओढतं ते आकाराने नाही, टर्बोने. सिलिंडरात जास्त हवा कोंबली की जास्त डिझेल नीट जळतं. गाड्यांची नावंही तेच सांगतात: 1210 म्हणजे 12 टन आणि शंभर हॉर्सपॉवरच्या घरातली, टर्बोवाली 1613 म्हणजे 16 टन आणि 130.

कमिन्स घातल्यावर आमची गाडी आंबोली तिसऱ्या गिअरमध्ये चढायची, जिथे आधी दुसरा टाकावा लागायचा. कमी फेऱ्यांवर ओढ, धूर कमी, सकाळी एका सेल्फला सुरू. इंजिन म्हणून ते सरस आहे, यात मला शंका नाही.

पण इंजिन हवेत लटकत नाही. त्याच्या मागे बेलहौसिंग, फ्लायव्हील, क्लच आणि गिअरबॉक्स असतो. इनपुट शाफ्टचे दाते क्लच प्लेटला जुळले पाहिजेत. जुना गिअरबॉक्स शंभर हॉर्सपॉवरच्या बेताने दिलेला, त्यावर वाढीव ओढ आली की आधी क्लच, मग गिअरचे दाते, मग जॉइंट बोलायला लागतात. पुढे रेडिएटर मोठा लागतो. मौंटिंगचे ब्रॅकेट नवे करावे लागतात. एअर ब्रेकच्या कॉम्प्रेसरच्या नळ्या, सायलेन्सरचा पाइप, अ‍ॅक्सिलरेटरची लिंक, सगळं फिरवावं लागतं. म्हणून नुसतं इंजिन उचलून आणू नका. भंगारात कटिंगला निघालेल्या कमिन्सवाल्या टाटा गाडीचा गिअरबॉक्स, क्लच, रेडिएटर, होजपाइप असा अख्खा सेट मिळत असेल तरच पुढचं बोलणं करा. आम्ही नुसतं इंजिन आणलं. बाकी सगळं बसवण्यात जवळपास इंजिनाइतकाच पैसा आणखी गेला.

त्यातली एक गोष्ट अजून डोळ्यांसमोर आहे. इंजिन बसलं, मिस्त्री गाडीखालून सरपटत बाहेर आला आणि म्हणाला, "मालक, बसतंय की. चेंबरखाली दोन बोटं जागा हाय बघा." हौदा रिकामा होता. तिसऱ्या खेपेला, भरलेल्या गाडीत, शिनोळीच्या पुढच्या एका खड्ड्यात पुढचा एक्सल वर आला आणि ऑइल चेंबरला चाटला. उतरून पाहिलं तर चेंबरच्या पोटाला करंगळीएवढी भेग, आणि काळं ऑइल थेंबाथेंबाने पाट्यावर पडत होतं. इंजिन बंद करून गाडी ओढत परत आणली म्हणून बेअरिंग वाचले. कुठलंही वेगळं इंजिन घालाल तर चेंबरची जागा गाडी पूर्ण भरून, पुढचे पाटे दबलेले असताना मोजा.

आता कागद. माझ्या मते निकाल इथे लागतो. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 असं आहे की आरसीवरचा तपशील कंपनीने मुळात दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाजू उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182अ आलं. त्यात परवानगी नसलेल्या दर बदलाला मालकाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आमच्या वेळी एका एजंटने "नंबर चढवून देतो" म्हणून पैसे घेतले आणि चढवला काहीच नाही. पासिंगला, म्हणजे फिटनेस तपासणीला, इन्स्पेक्टरने इंजिनावरच्या नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली. कागदावर एकेक आकडा पांढरा उमटत गेला आणि त्यातला एकही आरसीवरच्या नंबराशी जुळला नाही. गाडी तिथेच अडली. आठ वर्षांवरच्या मालगाडीला दरवर्षी पासिंग आहे, म्हणजे हा प्रसंग दरवर्षीचा. आणि अपघात झालाच तर विम्याच्या कागदावरही तोच जुना नंबर असणार, मग क्लेमच्या वेळी कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. चांगलं चालणारं कमिन्स आम्ही उतरवलं ते यासाठी.

त्याच कंपनीचं, त्याच जातीचं इंजिन बसवणं ही वेगळी गोष्ट आहे. आधी आरटीओची परवानगी काढायची आणि बसवल्यावर 14 दिवसांत कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्यायचा. गाडी केए-22, केए-23 ची असो की पलीकडची एमएच-09 ची, कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे हद्द ओलांडून सुटका नाही. टर्बो लावलेलं 697 टीसी मिळालं तर मौंटिंग आणि हौसिंग एका घराण्यातलं असल्याने बरंच जुळतं, पण ते "त्याच जातीचं" धरतात का हे पैसे देण्याआधी आरटीओकडून लेखी घ्या. साध्या 697 वर वरून टर्बो चढवण्याचा सल्ला मात्र ऐकू नका. आतले पिस्टन आणि थंडावा त्या दाबासाठी केलेले नसतात.

डिझेलचा हिशेब करून बघा. महिन्याला 3000 किलोमीटर चालणारी गाडी लिटरला साडेचारऐवजी पाच देऊ लागली तर 667 लिटरच्या जागी 600 लिटर लागतात. लिटरला 90 रुपये धरले तर महिन्याला सहा हजार वाचतात. हे बोलण्यासारखे पैसे आहेत. पण गाडी गावाभोवतीच 800 किलोमीटर फिरत असेल तर वाचतात सोळाशे. तेवढ्यासाठी अख्खी गाडी उघडायची का, ते तुम्हीच बघा. शिवाय त्या अर्ध्या किलोमीटरमधला बराच भाग पंप आणि नोझल नीट कॅलिब्रेट करूनही मिळतो.

आयशर, लेलँडची इंजिनं घातलेल्या 1210 सुद्धा मी पाहिल्यात. कागदाची अडचण तीच, जुळणी आणखी अवघड. सेन्सर आणि कंप्युटरवालं नवं इंजिन तर जुन्या वायरिंगच्या गाडीत आणूच नका, घाटात बंद पडलं तर कुठला मिस्त्री हात लावणार?

राहिलं आपलंच इंजिन उघडणं. लायनर (सिलिंडरातली बदलता येणारी नळी), पिस्टन, रिंग, क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंग, हेडचं काम, ऑइल पंप. 697 चे पार्ट निपाणीपासून बेळगावपर्यंत कुठेही मिळतात आणि इकडच्या प्रत्येक मिस्त्रीचा हात त्यावर बसलाय. कमिन्सच्या या इंजिनात लायनर नसतो, ब्लॉकच बोअर करावा लागतो. बेळगावच्या उद्यमबागेत ते काम होतं, पण खेड्यातल्या गॅरेजात नाही. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नंबर तोच राहतो, पासिंगला कुणी काही विचारत नाही.

म्हणून माझं मत असं. ब्लॉक धड असेल आणि क्रँक ग्राइंडिंग करून करून शेवटच्या अंडरसाइजला (मापाला) पोचला नसेल तर आपलंच इंजिन उघडा आणि उरलेला पैसा ब्रेक व पाट्यांवर घाला. ब्लॉक फुटला असेल तर परवानगी काढून दुसरं 697 बसवा. चिरा भरून रोज घाट चढायचा असेल आणि कमिन्सच हवं असेल, तर कारखान्यातूनच कमिन्स घेऊन आलेली जुनी 1613 बघा. 1210 विकून वर पैसे घालावे लागतील, पण तिच्या एक्सल-ब्रेकचा बेत 16 टनांचा आहे. तुमच्या 1210 मध्ये कितीही ताकदीचं इंजिन घाला, आरसीवर 12 टनच राहणार आणि ब्रेकही तेवढ्याचेच.

दुसरं 697 घ्यायला कोल्हापूर-सांगलीकडच्या भंगारवाल्याकडे जाल तेव्हा इंजिन पूर्ण गार असताना सुरू करून दाखवायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. चालू असताना ऑइलचं झाकण उघडून धूर किती जोरात येतो ते बघा, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का बघा. नंबरावर बोट फिरवा, घासून पुन्हा ठोकलेला असेल तर तिथली जागा खोलगट लागते. आणि ज्या गाडीतून ते काढलं तिची नोंदणी रद्द झाल्याच्या कागदाची प्रत व पक्कं बिल हातात पडेपर्यंत टोकन देऊ नका.