मुलांचे कापडी पुस्तक: फेल्टचे शिवावे की सुती कापडाचे?

लहान मुलासाठी घरी कापडी अ‍ॅक्टिव्हिटी बुक शिवायचे ठरले की बटणे, नाड्या, खिसे आणि चित्रे यांच्या आधी एक निर्णय घ्यावा लागतो. पाने फेल्टची करायची की साध्या सुती कापडाची? मी दोन्ही प्रकारची पुस्तके रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी शिवली आहेत. ती आधी माझ्या मुलीने आणि मग माझ्या भाच्याने मनसोक्त हाताळली, ओढली, चावली आणि अंगणातल्या मातीतून फिरवली. पुढे जे लिहीत आहे ते या वापरावरून लिहीत आहे. घाटावरच्या कोरड्या हवेत राहणाऱ्यांचा अनुभव कदाचित वेगळा असेल आणि त्यांनी माझे म्हणणे त्या बेताने घ्यावे, परंतु समुद्राजवळ राहणाऱ्या पालकांना ते बऱ्याच अंशी लागू पडेल असे मला वाटते.

फेल्टचे कौतुक आधी मोकळेपणाने करायला हवे. स्टेशनरीच्या दुकानात फेल्ट शीट म्हणून जे मिळते ते बहुतेक वेळा पॉलिएस्टरचे किंवा अ‍ॅक्रिलिकचे असते. त्यात ताणा-बाणा नसतो, तंतू एकमेकांत गुंतवून दाबलेले असतात, त्यामुळे कात्री लावली तरी कडेने धागे सुटत नाहीत. पापलेटची शेपटी असो, माडाची झावळी असो, की खेकड्याच्या नांग्या असोत, खडूने आखावे, कापावे आणि लगेच टाके घालावेत. कड दुमडण्याचा प्रश्न येत नाही. रंग भरगच्च असतात, पान आपोआप ताठ उभे राहते, आणि ज्याने पूर्वी कधी सुई हातात धरलेली नाही अशा माणसाचेही पहिले पान नीटनेटके दिसते. नवशिक्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, कारण पहिले पान चांगले झाले तरच माणूस दुसरे करायला बसतो.

सुती कापडाला हे सुख नाही. पॉपलिन असो वा मांजरपाट, कापल्याबरोबर कडेचे धागे निघू लागतात, म्हणून प्रत्येक आकार सगळ्या बाजूंनी निदान अर्धा सेंटिमीटर मोठा कापून ती कड आत दुमडावी लागते. गोलाई असेल तिथे दुमडीला बारीक चिरा द्याव्या लागतात, आणि कासवाच्या पायासारखा लहान आकार असेल तर दुमड बोटात धरवतही नाही. एकेरी कापडाचे पान मलूल पडते, म्हणून आत थर घालावे लागतात. एकंदरीत सुती पुस्तकाला वेळ बराच जास्त लागतो, आणि हा फरक कुणी लहान मानू नये. नोकरी सांभाळून रात्री थोडा वेळ शिवायला बसणाऱ्याला तो चांगलाच जाणवतो.

दिसण्याच्या बाबतीत मी कोणाचीच बाजू घेणार नाही, ती ज्याच्या त्याच्या आवडीची गोष्ट आहे. खर्चातही मला फारसे अंतर जाणवले नाही, कारण सुती कापडाचे बरेचसे तुकडे घरातच निघतात.

वेल्क्रोच्या बाबतीत फेल्ट सुरुवातीला बाजी मारते. वेल्क्रोची खरखरीत, आकड्यांची पट्टी फेल्टच्या पृष्ठभागावर थेट चिकटते, त्यामुळे समोरची मऊ पट्टी शिवावी लागत नाही, आणि मासा पानावर कुठेही लावता येतो. मुलांना हे स्वातंत्र्य अतिशय आवडते. मात्र चिकटवण्या-काढण्याच्या प्रत्येक खेपेला ते आकडे फेल्टचे थोडे तंतू उपटून घेतात. काही आठवड्यांत पानावर लव उभी राहते, तिचे गोळे होतात, आकड्यांमध्ये तंतू अडकतात आणि पकड सैल पडते. टाचणीने आकडे साफ करता येतात, पण पानाची लव परत बसत नाही. जे मूल अजून सगळे तोंडात घालते त्याच्या ओठांना हे तंतू लागलेले मला आवडले नाहीत. सुती पानावर वेल्क्रोच्या दोन्ही पट्ट्या शिवाव्या लागतात आणि वस्तूची जागा ठरून जाते, म्हणजे खेळ थोडा बांधला जातो, पण कापड जसे होते तसे राहते.

बटणाच्या पानावर मात्र मला सुती कापड निर्विवादपणे सरस वाटते. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह सुरू केले, आणि त्यांच्या पद्धतीत लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडांना बटणे, हूक आणि नाड्या लावून मुलांना कपडे घालण्याचा सराव देतात. आपल्या कापडी पुस्तकांतली बटणाची आणि नाडीची पाने त्याच कल्पनेची भावंडे आहेत. मुलाला शेवटी स्वतःच्या सदऱ्याचे बटण लावता यायला हवे, आणि सदऱ्याचे काज हे सुती कापडातले, काजटाक्याने बांधलेले, थोडे आवळ असे काज असते. फेल्टमध्ये काज म्हणून नुसती चीर देतात. ती वापरून ताणते आणि मग बटण स्वतःहून बाहेर येऊ लागते. काजटाका घालून ती बांधता येते हे खरे, पण मग फेल्टने वाचवलेला वेळ तिथेच खर्च होतो.

इथवरच्या गोष्टी पाहता दोन्हींचे गुणदोष एकमेकांना बऱ्यापैकी तोलून धरतात, आणि केवळ यांच्यावरून मी पसंती ठरवली नसती. ती ठरली पावसाळ्यात, पान वाळवण्याच्या प्रश्नावर.

आपल्याकडे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस लागतो आणि सप्टेंबर संपेपर्यंत हवा ओलीच असते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. मुलांच्या हातातले पुस्तक या दिवसांत धुवावे लागणारच, कारण मूल घरातच असते, पुस्तक जेवणाच्या ताटाजवळ येते, आणि मऊ भातासोबत माशाचे कालवण पानावर सांडले की ते नुसते पुसून वास जात नाही. एरवी पान उन्हात टाकले की काम संपते. आषाढ-श्रावणात ऊन नाही, पडवीतल्या दोरीवर घरातल्या सगळ्यांचे कपडे आधीच लटकलेले असतात, आणि पंख्याखाली वाळवलेले पान हाताला कोरडे लागले तरी आतून ओलसरच राहते.

इथे कोणी योग्य शंका घेईल. कापूस स्वभावतःच पाणी अधिक धरतो. चाचणीसाठी ठरवून दिलेल्या तापमानाच्या आणि आर्द्रतेच्या हवेत सुती तंतू आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा बाळगतो, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही बाळगत नाही. बुरशीलाही कापसातला सेल्युलोज हे खाद्य आहे, पॉलिएस्टर नाही. या हिशेबाने फेल्टचे पुस्तकच आधी वाळायला हवे आणि टिकायलाही हवे. एक सुटी शीट धुतली तर तसेच होते. परंतु पुस्तकाचे पान म्हणजे सुटी शीट नव्हे. दोन बाजूंना दोन शीट, मध्ये बहुधा कृत्रिम कापसाची गादी, वर चित्रांचे तुकडे, आणि चारही कडा शिवून बंद. तंतूने पाणी पिऊन घेतले नाही तरी तंतूंच्या मधल्या पोकळीत ते साठून राहते आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. फेल्ट पिळताही येत नाही, पिळले की पान वेडेवाकडे ताणते. दोन दिवसांनी त्या पानाला कुबट वास येऊ लागतो, आणि सांडलेल्या खाण्याचा अंश आत राहिला असेल तर बुरशीला तेवढेही पुरते. पॉलिएस्टर तिने खाल्ले नाही, एवढ्याने ते पान मुलाच्या तोंडाजवळ द्यावेसे वाटत नाही.

आणि अशा वेळी घरात जो एक उपाय हाताशी असतो, तो फेल्टला चालत नाही. तो उपाय म्हणजे इस्त्री. कपड्यांवरच्या इस्त्रीच्या खुणेत एक ठिपका म्हणजे जास्तीत जास्त सुमारे ११० अंश सेल्सिअस, दोन म्हणजे सुमारे १५० आणि तीन म्हणजे सुमारे २००. सुती कापड तीन ठिपक्यांची इस्त्री सहज सोसते. पान उलटसुलट करून ती सावकाश फिरवली की वाफ निघताना दिसते, आणि वाफ थांबली की पान आतपर्यंत वाळले असे खात्रीने म्हणता येते. कृत्रिम फेल्टला एवढी उष्णता दिली तर पृष्ठभाग चकाकतो, आकसतो, आणि अधिक तापले तर वितळतो. मध्ये कापड ठेवून मंद इस्त्री फिरवता येते, मी ती फिरवतही असे, परंतु तेवढ्या उष्णतेने वरचा थर गरम होतो आणि गादीतले पाणी आहे तिथेच राहते. मूल पुस्तक मागत आहे, पुस्तक दोरीवर आहे, आणि ते कधी वाळेल हे आपल्या हातात नाही, ही अडचण दर धुण्याला नव्याने येत राहिली. तिने माझ्यापुरता तराजू झुकवला. सुती पाने धुताना गरम पाणी वापरता येते, ही त्यात आणखी एक भर.

मात्र सुती पुस्तकाचा हा फायदा ते नीट शिवले तरच मिळतो. ताठपणासाठी आत चिकटवायचे बक्रम घालण्याचा सल्ला बरेच शिंपी देतात, पण वारंवार धुण्याने ते सुटते आणि पानावर फुगे दिसू लागतात. कृत्रिम गादी घातली तर इस्त्रीचा प्रश्न पुन्हा तोच. माझ्या आईने सुचवलेला मार्ग मला सर्वांत योग्य वाटला. जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे दोन-तीन थर मध्ये घालून, वाकळीला घालतात तसा जवळजवळ धावदोरा सगळ्या पानावर घालायचा. पान मऊ राहूनही हातात उभे राहते, थर आत सरकत नाहीत, आणि सगळे एकाच जातीचे कापड असल्यामुळे इस्त्री निर्धास्तपणे फिरवता येते. जुन्या साडीचे कापड आकसायचे तेवढे आकसून झालेले असते. नवे कापड मात्र कापण्यापूर्वी पाण्यातून काढलेच पाहिजे, आणि लाल किंवा काळे असेल तर पांढऱ्या चिंधीबरोबर गरम पाण्यात बुडवून रंग जातो का, ते पाहून घ्यावे.

घरातल्या जुन्या कापडाचे पुस्तक कमी प्रतीचे असते, असे कोणाला वाटत असेल तर त्यांना याच किनाऱ्यावरच्या, पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावाचे स्मरण द्यावेसे वाटते. तिथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, आणि अनुताई वाघ यांच्या साथीने, महाग साधनांवर विसंबून न राहता परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंमधून मुलांची शैक्षणिक साधने घडवली. शिंपले, पाने, बिया यांवर मूल मोजायला शिकू शकते, तर आजीच्या साडीच्या काठावर ते का शिकू नये?

काही गोष्टी दोन्ही प्रकारांना सारख्याच लागू आहेत, त्या थोडक्यात सांगतो. खाऱ्या हवेत लोखंडी टिचबटणे आणि रिंगा गंजतात आणि गंजाचा डाग कापडावरून जात नाही. प्लास्टिकची टिचबटणे किंवा नारळाच्या करवंटीची बटणे घ्यावीत. पाने कायमची एकत्र शिवू नयेत, कडेला काजे करून सुती नाडीने बांधावीत, म्हणजे खराब झालेले एकच पान काढून धुता येते. नाडी आखूडच ठेवावी. तीन वर्षांखालील मुलाच्या पुस्तकात सुटी होणारी बारीक वस्तू अजिबात नको. खेळण्यांच्या सुरक्षा मानकात लहान वस्तू तपासण्यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचे नळकांडे वापरतात आणि त्यात पूर्ण मावणारी वस्तू या वयासाठी धोकादायक मानली जाते. माशाचा डोळा मण्याचा न करता दोऱ्यानेच भरावा, आणि बटणे घट्ट बसली आहेत ना, हे दर धुण्यानंतर ओढून पाहावे.

फेल्ट अगदी टाकून द्यावे असे मी म्हणत नाही. मूल चार वर्षांचे होऊन गेले असेल, वस्तू तोंडात घालण्याचे थांबले असेल, किंवा पुस्तक भेट म्हणून थोडक्या दिवसांत पूर्ण करायचे असेल, तर फेल्ट घेणारा चूक करतो असे वाटत नाही. भिंतीवर टांगायच्या गोष्टीच्या फलकाला तर तेच शोभते, कारण तो धुवावा लागत नाही. काहीजण मधला मार्ग काढतात, पाने सुती आणि त्यांवरच्या सुट्या वस्तू फेल्टच्या. मीही काजूची बोंडे आणि वेळासच्या कासवांची पिल्ले एकेरी फेल्टचीच ठेवली आहेत. असा पातळ तुकडा पंख्याखाली रात्रीत वाळतो, त्याला इस्त्री लागत नाही, आणि दुमडीचा त्रासही वाचतो. ज्याला पूर्ण सुती पुस्तकाची मेहनत झेपणार नाही त्याने निदान पाने तरी सुती करावीत, अशी माझी विनंती आहे.

सुती पुस्तक शिवायचे ठरलेच तर कापड मिरगाच्या आधी पाण्यातून काढून, कडकडीत उन्हात वाळवून आणि इस्त्री करून ठेवावे. मग शिवण्याचे काम पावसात घरी बसूनही होते. पहिले पान काज-बटणाचे घ्यावे. दोन मोठी बटणे, दोन काजे, बाकी काही नाही. काज बटणाच्या व्यासाहून किंचितच मोठे कापावे, त्याच्या दोन्ही टोकांना आडवे दोन-तीन टाके घालून ती पक्की करावीत, आणि ते पान मुलाच्या हातात देऊन पुढचे पान कोणते हवे ते त्यालाच विचारावे.