सीपायथॉनमध्ये काम: ४ जीबी रॅम, मोबाईलचं नेट आणि दारव्हा तालुका

कॉलेज यवतमाळला, घर दारव्हा तालुक्यात, लॅपटॉप सेकंडहँड आणि नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटचं. एवढ्यावर पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मूळ प्रकल्पात, म्हणजे सीपायथॉनमध्ये, हात घालता येतो का? बरेच महिने करतोय, म्हणून सांगतो: येतो. पण कोड लिहिणं कमी, वाचणं आणि वाट पाहणं जास्त.

आधी डोक्यात रस्ट ही दुसरी प्रोग्रॅमिंग भाषा होती. त्याच्या कंपायलरसाठी त्यांचीच गाईड ८ जीबी रॅम आणि ३० जीबी मोकळी डिस्क असावी म्हणते. तिथंच विषय संपला.

खरी झटापट कोडशी नाही, कोड उतरवून घेण्याशी. रिपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात, १९९० पासूनचा इतिहास आहे, आणि गिट क्लोन (त्या साठ्याची प्रत आपल्या मशीनवर उतरवणं) मधेच तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडं संध्याकाळी रेंजच्या कांड्या पूर्ण दिसतात, हलत मात्र काहीच नाही. त्यामुळं क्लोन करताना 'फिल्टर ब्लॉब नन' हा पर्याय लावा. कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या प्रत्येक बदलाचा, इतिहास सगळा येतो, जुन्या फायलींचा मजकूर लागेल तेव्हाच उतरतो. तोटा एकच: एखादी ओळ कोणी, कधी बदलली हे बघायला ब्लेम चालवलं की नेट पाहिजे. डेप्थ १ वालं उथळ क्लोन आणखी हलकं, पण त्यात मागचा इतिहासच येत नाही. अन् या कामात सगळ्यात जास्त तोच चाळावा लागतो.

बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारा पायथॉन बनवणं, सोपं आहे. कॉन्फिगर करताना पायडीबग (चुका शोधायला मदत करणारा पर्याय) चालू ठेवायचं, मग मेक ही कमांड. तिला एका वेळी दोनच जॉब द्या. जास्त दिले की ब्राउझर गपकन बसतो. पहिल्यांदा वेळ लागतो, नंतर बदललेल्या फायलीच बनतात. शेवटी एक यादी येते: अमुक मॉड्यूलसाठी लागणारं सामान सापडलं नाही, बीझेड२, एलझेडएमए, टीकेइंटर वगैरे. नवीन पोरं इथंच हबकतात. बिल्ड फसलेलं नसतं. त्या लायब्रऱ्यांची डेव्ह पॅकेजेस टाका, नाहीतर गरज नसेल तर सोडून द्या. टेस्टही सगळ्या चालवत बसू नका. सीएसव्ही मॉड्यूलला हात लावला असेल तर तेवढीच टेस्ट चालवा. पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल घ्या' अशी विनंती, टाकली की लिनक्स, विंडोज, मॅक तिन्हींवरच्या टेस्ट त्यांच्या मशीनवर चालतात. इकडं लाइन गेली तरी तिकडं काम सुरूच राहतं, ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

'ईझी' लेबल लावलेल्या इश्यूंवर (नोंदवलेल्या चुका आणि सूचनांवर) मात्र झुंबड असते. त्यापेक्षा जुने इश्यू उघडा, मेन ब्रँचवर, म्हणजे कोडच्या ताज्या मुख्य प्रतीवर, तो बग अजून येतो का ते तपासा आणि नेमक्या पायऱ्यांसकट लिहा. इंग्रजी मोडकंतोडकं चालतं, पायऱ्या मोघम चालत नाहीत.

माझं पहिलं मर्ज झालेलं, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतलं गेलेलं, काम डॉक्युमेंटेशनमधल्या एका उदाहरणाचं. बदल दोन ओळींचा, सोपस्कार त्याहून लांब: योगदानाच्या करारावर ऑनलाइन सही, शीर्षकात 'जीएच' आणि इश्यूचा नंबर. वर्तन बदलणारा बदल असेल तर ब्लर्ब या टूलनं बदलांच्या यादीत बातमीची नोंदही लागते; माझ्याला 'स्किप न्यूज', म्हणजे नोंद नको, असं लेबल मिळालं. फोर्स पुश, म्हणजे आधी पाठवलेले कमिट पुसून त्यावर नवे चढवणं, करू नका. मर्ज होताना सगळे कमिट एकत्र होतातच, उलट तपासणाऱ्याला नवीन काय बदललं ते दिसेनासं होतं. पुढं मिस-इस्लिंग्टन नावाचा बॉट तोच बदल जुन्या आवृत्तीच्या ब्रँचसाठी आपोआप मांडतो. बॉटचं हे नाव कोणाला सुचलं असेल देव जाणे.

थांबावं मात्र भरपूर लागतं. तपासणारे बहुतेक स्वयंसेवक. पुल रिक्वेस्ट पडून राहते तेवढ्यात घरची तूर सोंगून होते. मी तोवर दुसऱ्यांचे बदल उतरवून चालवून बघतो. रब्बीत ओलिताची लाइन रात्री आली की जागं राहावंच लागतं, तेव्हा हे बरं जमतं. त्यातून सीपायथॉन ज्यात लिहिलंय ती सी भाषा जेवढी कळली तेवढी कॉलेजच्या प्रॅक्टिकलमधून कळली नव्हती.

बाबांनी विचारलं, "पैसे भेटते काय याचे?" नाही म्हटलं. "मंग कायले करतं?" याला माझ्याकडं अजून पटेल असं उत्तर नाही. स्टायपेंडच हवा असेल तर गूगलच्या समर ऑफ कोडचं बघा, तो वेगळा मार्ग आहे.

विंडोजवर करायचं तर व्हिज्युअल स्टुडिओचे कित्येक जीबी उतरवावे लागतात. हॉटस्पॉटवाल्यांनी सरळ लिनक्स टाकावं, तेही कॉलेजच्या वायफायवरून आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) उतरवून.