जुनी गाडी घेताना: आपल्या राज्याचं पासिंग की परराज्याचं?

एकच मॉडेल, एकच वर्ष, किलोमीटरही जवळपास सारखेच. एक गाडी एमएच-१२ पासिंगची, दुसरी दिल्ली पासिंगची, आणि दुसरीची किंमत बरीच खाली. जाहिरातीत एवढंच दिसतं. मधला फरक कुठे खर्च होणार आहे, हे विकणारा सांगत नाही; तो हिशेब घेणाऱ्याने बसून करायचा असतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रोज वापरायला साधी हॅचबॅक किंवा छोटी सेडान हवी असेल, तर महाराष्ट्रात राहणाऱ्याने परराज्यातल्या गाडीच्या वाटेला जाऊ नये. मोठी, महागडी, इथे सहज न मिळणारी गाडी हवी असेल आणि कागदांमागे फिरायची तयारी असेल, तरच त्या गाडीचा विचार करावा. असं का, ते कागद आणि कर शेजारी शेजारी ठेवले की कळतं.

राज्यातली गाडी

इथे काम सरळ असतं. विकणाऱ्याने फॉर्म २९ भरायचा, तोही दोन प्रतींत. घेणाऱ्याने फॉर्म ३०. बोलीभाषेत या जोडीला टीटी फॉर्म म्हणतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार विकणाऱ्याने १४ दिवसांत विक्रीची खबर द्यायची आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलण्याचा अर्ज करायचा. अर्ज तुम्ही राहता त्या भागाच्या आरटीओकडे, सरकारच्या 'वाहन' या पोर्टलवरून. सोबत आरसी (गाडीचं नोंदणीपत्र), चालू इन्शुरन्स, पीयूसी, दोघांची ओळखपत्रं, तुमचा पत्त्याचा पुरावा, पॅन, आणि चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट. नंबर तोच राहतो. नाशिकची एमएच-१५ गाडी कोल्हापुरात नावावर केली, तरी ती एमएच-१५ च राहते.

रोड टॅक्सचा तर प्रश्नच उरत नाही. खासगी मोटारीचा एकरकमी कर पहिल्या मालकाने शोरूममधून गाडी काढतानाच भरलेला असतो. राज्यातल्या राज्यात मालक बदलला म्हणून तो पुन्हा कोणी मागत नाही. हस्तांतराचं सरकारी शुल्क तुलनेने किरकोळ; त्याच्या कितीतरी पट पैसे एजंट घेतो, आणि तेवढे दिले तरी फार बिघडत नाही.

अडचण येते ती दोन ठिकाणी. पहिली म्हणजे कर्ज. आरसीवर बँकेचं नाव, म्हणजे कर्जाचा बोजा (बोलीत 'एचपी'), असेल तर 'हप्ते संपलेत, फक्त एचपी उतरवायची राहिलीय' या वाक्यावर विसार देऊ नका. बँकेचं ना हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ डोळ्यांनी बघा, आणि शक्यतो एचपी उतरलेली आरसी हातात आल्यावरच मोठी रक्कम द्या. कर्ज फिटलं म्हणून आरसीवरचा बोजा आपोआप जात नाही, हे कित्येक मालकांनाच माहीत नसतं.

दुसरी अडचण वयाची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. मोटारीसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० वर गेलं. त्यात तपासणी आली आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही आला. म्हणून १३-१४ वर्षांची गाडी स्वस्त मिळत असेल तर आरसीवरची वैधतेची तारीख वाचा आणि हा खर्च किमतीत धरा. शिवाय १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलीय का तेही बघा, कारण ती नसेल तर हस्तांतराचं काम तिथेच अडू शकतं.

परराज्यातली गाडी

इथे सगळी मदार एनओसीवर, म्हणजे मूळ आरटीओच्या ना हरकत पत्रावर असते. फॉर्म २८ भरून मूळ आरटीओकडून ती घ्यायची आणि तो अर्ज विकणाऱ्याने करायचा. कर, चलन, कर्ज यांतलं काही बाकी नाही आणि गाडी चोरीच्या नोंदीत नाही, हे तपासल्याशिवाय एनओसी निघत नाही. बरेच जण फक्त कागद आहे का ते बघतात, कागदावर काय लिहिलंय ते वाचत नाहीत. एनओसी एका विशिष्ट आरटीओच्या नावाने निघते. तुम्ही पिंपरी-चिंचवडमध्ये राहता आणि एनओसी पुण्याच्या आरटीओच्या नावाने असेल, तर ती दुरुस्त करायला मूळ राज्यात परत जावं लागतं. विक्रेता 'एनओसी रेडी आहे' म्हणाला की पहिला प्रश्न विचारायचा: कुठल्या आरटीओच्या नावाने?

एनओसी आल्यावर इथल्या आरटीओत नव्या नंबरासाठी फॉर्म २७, जोडीला २९ आणि ३०, आणि निरीक्षकासमोर गाडी प्रत्यक्ष दाखवणं. मग कर. मग एमएच नंबर. नंबर बदलला की नवी नंबरप्लेट, पॉलिसीवर नवा नंबर, फास्टॅगही नवा. एकेक काम छोटं असतं, पण पुढचं काम आधीच्या कागदावर अवलंबून असल्याने एक अडकलं की सगळी रांग थांबते.

कराचा भाग मात्र छोटा नाही. परराज्यातून आलेल्या जुन्या गाडीवर महाराष्ट्राचा एकरकमी कर नव्याने भरावा लागतो. तुम्ही ती कितीला घेतली याच्याशी त्याचा संबंध नसतो. गाडीची मूळ किंमत आणि तिचं वय यांवर तो ठरतो, आणि वय वाढेल तसा कमी होतो. म्हणून पहिल्या खरेदीचं बिल मागून घ्या. इथे नव्या पेट्रोल गाडीचा खासगी मालकासाठीचा दर किमतीनुसार ११, १२ आणि १३ टक्के, डिझेलचा १३, १४ आणि १५ टक्के. १५ लाखांची डिझेल गाडी १४ टक्क्यांत बसते, म्हणजे नवी असताना तिचा कर २ लाख १० हजार. तीच गाडी काही वर्षांनी दिल्लीतून पाच लाखांना घेतली, तर मोजणी पाच लाखांवरून सुरू होत नाही. या २ लाख १० हजारांतून वयाची कपात होते आणि उरेल ते भरावं लागतं. कंपनीच्या नावावर घेणार असाल तर दर आणखी चढा असतो. व्यवहार ठरवण्याआधी आरटीओतून किंवा माहीतगार एजंटाकडून त्या विशिष्ट गाडीचा आकडा काढून घ्या. अंदाजपंचे दाहोदरसे इथे फार महाग पडतं.

'आधीच्या राज्यात भरलेला टॅक्स रिफंड मिळतो की!' हे वाक्य हमखास ऐकू येतं. मिळतो, उरलेल्या काळाच्या प्रमाणात. पण त्यासाठी आधी इथला कर भरून, इथली नोंदणी करून, त्याचे पुरावे घेऊन मूळ आरटीओकडे अर्ज करायचा असतो, आणि प्रत्येक राज्याची पद्धत निराळी. त्या शहरात तुमचं कोणी नसेल तर रिफंडची रक्कम हिशेबात शून्य धरा. आलीच तर आली.

आणखी एक समज असा, की परराज्याची गाडी वर्षभर तशीच चालवता येते. कलम ४७ मध्ये १२ महिन्यांचा उल्लेख आहे हे खरं. पण ती तरतूद आपली गाडी घेऊन दुसऱ्या राज्यात राहायला गेलेल्या मालकासाठी आहे. बंगळुरूहून बदली होऊन पुण्यात आलेल्याचं आणि दिल्लीची गाडी विकत घेतलेल्याचं गणित एक नाही. तुम्ही खरेदीदार आहात. तुमच्यासाठी कलम ५० चे ३० दिवस मोजायचे. 'वर्षभर फिरवा, मग बघू' हा सल्ला देणाऱ्याला गाडी विकायची असते.

दिल्लीच्या गाड्या एवढ्या स्वस्त का, तेही पाहू. राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आणली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला दुजोरा दिला. त्यानंतरही हा विषय कोर्टकचेऱ्यांत फिरतोच आहे, पण बाजारावर परिणाम केव्हाच झाला: आठ-नऊ वर्षांच्या डिझेल गाड्यांना तिथे भाव उरला नाही आणि त्या बाहेरच्या राज्यांकडे वळल्या. म्हणजे गाडी स्वस्त आहे ती खराब आहे म्हणूनच, असं नाही. तिथल्या मालकाला ती पुढे किती काळ ठेवता येईल याची खात्री नसते, हे कारण पुरेसं आहे. मोठ्या एसयूव्हीत हा फरक इतका असतो की इथला कर, वाहतूक आणि एजंट धरूनही काही लाख वाचू शकतात. छोट्या गाडीत मुळात वाचण्यासारखे पैसेच नसतात आणि कागदांची धावपळ मात्र तेवढीच.

पुढे विकताना काय, हाही विचार करा. नंबर एमएचचा झाला तरी गाडी बाहेरून आली हे नोंदींत दिसतं. तुम्ही घासाघीस केलीत तशी पुढचाही करणार.

मालकाकडून, दलालाकडून की डीलरकडून?

पासिंग कुठलंही असो, गाडी कोणाच्या हातून येते यावर कागदांचा त्रास तितकाच ठरतो. आरसीवरचं नाव आणि समोर बसलेला माणूस एकच असेल तर निम्मं काम झालं. पोर्टलवर नोंदलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, सह्या जुळाव्या लागतात. मालक फोन उचलणारा असला म्हणजे हे सगळं सुरळीत होतं. आरसीवर नाव असलेले गृहस्थ दुबईत असतील किंवा हयातच नसतील, तर तो वेगळा मामला. मृत मालकाच्या गाडीसाठी आधी वारसाने फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर घ्यायची, मग तुम्हाला विकायची. 'मुलाची सही चालते' असं कोणी म्हणालं तर तिथून उठा.

दलालांची जुनी रीत म्हणजे मालकाकडून कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या घेऊन ठेवायच्या आणि गाडी दोन-तीन हातांतून फिरवायची. मधल्या कोणाचंच नाव आरसीवर चढत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशाच एका साखळीत निकाल दिला, की अपघात झाला त्या दिवशी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच भरपाईच्या दृष्टीने मालक. त्यामुळे शहाणा विकणारा आता स्वतःच हस्तांतराच्या मागे लागतो. तो तसा मागे लागत असेल तर ते चांगलंच लक्षण समजा.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी वेगळे नियम लागू आहेत. आरटीओकडून अधिकारपत्र घेतलेल्या डीलरकडे गाडी आली की फॉर्म २९सी ने तशी नोंद होते आणि त्या काळापुरता डीलर मालक मानला जातो. एनओसी आणि हस्तांतराचे अर्जही तो करू शकतो. परराज्यातली गाडी घ्यायचीच असेल तर मला हाच मार्ग बरा वाटतो, भले थोडे पैसे जास्त जावोत. मात्र दुकानाचा बोर्ड मोठा आहे म्हणून अधिकारपत्र असेलच असं नाही; ते दाखवा म्हणायला संकोच कसला?

बीएच नंबरची गाडी समोर आली तर

बीएच म्हणजे भारत मालिका; २०२१ पासूनची ही देशभर चालणारी नंबरांची मालिका बदलीच्या नोकरीतल्या लोकांसाठी आहे. इथे कर आयुष्यभराचा भरलेला नसतो, दोन-दोन वर्षांचा भरतात. त्यामुळे जवळजवळ नवी बीएच गाडी राज्याच्या गाडीपेक्षा थोडी स्वस्त मिळाली, तर ती स्वस्ताई फसवी असू शकते. तुम्ही स्वतः बीएचसाठी पात्र नसाल तर गाडी राज्याच्या नोंदणीत आणून इथला कर भरावा लागेल. म्हणजे नंबरावर दिल्ली लिहिलेली नसली, तरी कराच्या बाबतीत तिला परराज्यातल्या गाडीच्याच रांगेत उभी करा.

पैसे देताना

ई-चलन आणि काळ्या यादीची नोंद विसार देण्याआधी तपासा. गाडीचा नंबर टाकला की पोर्टलवर दिसतं. परराज्यातल्या गाडीसाठी दोन्ही राज्यांत पाहा.

इन्शुरन्सचं कलम वेगळं, १५७. गाडीबरोबर थर्ड पार्टीचं (दुसऱ्याच्या नुकसानीचं) संरक्षण तुमच्याकडे येतं, पण पॉलिसी नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत करायचा असतो. तो न करता गाडी ठोकलीत तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाण्याची पूर्ण शक्यता. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो माणसाबरोबर जातो, त्यामुळे हप्त्यातला फरक आधीच विचारून घ्या.

आणि सगळी रक्कम एकदम देऊ नका. राज्यातल्या गाडीत थोडी रक्कम नवी आरसी येईपर्यंत मागे ठेवायला मालक बहुधा तयार होतो. परराज्यातल्या गाडीत मागे ठेवायची रक्कम निदान इथल्या कराएवढी असावी, आणि कर कोण भरणार हे डिलिव्हरीच्या कागदावर तारीख, वेळ, किलोमीटरच्या आकड्यासह लिहून दोघांच्या सह्या घ्या. विकणारा यालाच नाही म्हणत असेल, तर त्याच मॉडेलची एमएच पासिंगची गाडी कितीला मिळते ते पुन्हा एकदा विचारून या.