स्कॅनिंग झकास, पाकिटं कचऱ्यात

वडील (अण्णा) इगतपुरीला नोकरीत होते, तेव्हाच्या ४३ निगेटिव्ह मेन रोडच्या मागच्या एका स्टुडिओत स्कॅन केल्या. त्या काळी रेल्वेच्या तारांत मुंबईकडून इगतपुरीपर्यंत डीसी वीज, पुढे एसी. त्यामुळे इंजिन तिथे बदलायचं. एका फोटोत थळ घाट चढवून आणलेले बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं, सोडवतायत. दर ३७ फुटांना एक फूट चढ, मागून ढकलल्याशिवाय गाडी वर येतेय कुठली! स्कॅनमध्ये पॉइंट्समनच्या बाहीवरचा ग्रीसचा डागही दिसतो. काम एक नंबर.

पण निगेटिव्हची जुनी पाकिटं स्टुडिओतल्या पोराने फेकून दिली. त्यांवर अण्णांच्या अक्षरात तारीख अन् गाडी नंबर होता. म्हणे, "काका, मळकी होती." तीन स्टार. पाकिटांचे फोटो घरीच काढून मग जा.