आशाताईंच्या सहा फेऱ्या: बाळंतिणीचा अभिप्राय

पहिलं बाळंतपण पुण्यात, खासगी हॉस्पिटलात पॅकेज घेऊन झालं. घरी सोडताना फाइल आणि बेबी पावडरचा डबा हातात दिला; पुढे साधा फोन नाही. दुसऱ्या वेळी माहेरी आले, साताऱ्याकडे, सरकारी दवाखान्यात. हा अभिप्राय त्यानंतर घरी आलेल्या आशाताईंबद्दल, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेबद्दल.

तिसरा दिवस, मग ७, १४, २१, २८ आणि ४२. एकविसावा तेवढा चुकला. रात्री कुणाला तरी घेऊन तालुक्याला गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दारात हजर.

आधी साबणाने हात धुणार, मगच बाळाला हात. झोळीच्या काट्यावर वजन, काखेत थर्मामीटर, आणि पोटाकडे बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजणार. ६० किंवा वर भरले की घरात थांबायचं नाही, हे आईकडून घोकून घेतलं. तिसऱ्या दिवशी वजन दीडशे ग्रॅम उतरलं. आई लगेच वरचं दूध सुरू करायला निघाली. ताईंनी तिला खाली बसवलं, मला बाळ नीट धरून पाजायला लावलं, आणि चौदाव्या दिवशी काटा आईलाच वाचायला दिला. काजळाची डबीही त्यांनीच बंद करवली. शेगडीवर मात्र आई हटली नाही!

ही घरी येऊन तपासायची पद्धत गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या लोकांना शिकवून उभी केली, हे मला माहीत होतं. या सगळ्या फेऱ्यांचे मिळून २५० रुपये, हे नव्हतं. तेही ४२ दिवसांचा फॉर्म भरल्यावर. आशांच्या २०२३ च्या संपानंतर राज्याने महिन्याला ५,००० वाढवले, पण नाव अजून 'मोबदला'च, पगार नाही. थर्मामीटरचा सेल संपला तर ताईच विकत आणतात.

"मग सोडत का नाही?" मी विचारलंच.

"सोडणारच होते की. आधीच्या डॉक्टरांच्या मीटिंगला आम्ही भिंतीला टेकून उभ्या. आताच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी खुर्च्या मागवल्या. पेशंट नेला की आधी मला विचारतात, काय वाटतं म्हणून. आणि आमच्या सिस्टर रात्री दोनला पण फोन उचलतात. एकटं पडत नाही माणूस."

पैशाचं त्या बोलल्या नाहीत असं नाही. बोलल्या, भरपूर, पण खुर्च्यांनंतर.

ताईंना पाचपैकी पाच. त्यांना दिलेल्या सामानाला दोन.

बेचाळिसाव्या दिवशी चहा घेऊन उठता उठता म्हणाल्या, "बुधवारी दीड महिन्याची लस. उपकेंद्रात नऊला या. उशीर केलात तर सिस्टर मला ओरडतील, तुम्हाला नाही."